पंच्याऐंशीपासून बंद

पाटी लावायला सुरतेहून दोन माणसं आली तेव्हा मी भट्टीला माती लिंपत होते. कोपरापर्यंत हात चिखलात. त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं, मी झाले. पाटी चांगली दाराएवढी, पिवळी, चकाकणारी. ठोकून झाल्यावर एक जण म्हणाला, "मासी, पाणी मळशे?" मी आत जाऊन माठातलं गार पाणी आणून दिलं. मला वाचता येत नाही ना! काय लिहिलंय ते कळलं असतं तर तांब्या त्याच्या डोक्यात घातला असता.

दुसऱ्या दिवशी गायत्री आली. माझी एकुलती पोर. सुरतेत पर्वत पाटियाला असते, नवरा लूमवर जातो आणि ही घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. एसटीतून उतरून जंगलातली दोन कोस वाट चालत आलेली, घामाने भिजलेली. चपला काढायच्या आधी तिने पाटी वाचली. ती सुरतेला काकाकडे राहून गुजराती शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहे, त्यामुळे तिला येतं.

"आई, कुणी लिहिलं हे?"

"शेठने. काय लिहिलंय?"

तिने मराठीत करून सांगितलं. या जंगलातली ही ऐतिहासिक काचभट्टी भूपेंद्रशेठच्या आजोबांनी उभारली. फिरोजाबादहून नामांकित कारागीर आणले. इथली काच सुरतेच्या बाजारात गाजली. भट्टी एकोणीसशे पंच्याऐंशी सालापासून बंद आहे.

"आणि?"

"आणि काही नाही. खाली शेठच्या आजोबांचा फोटो."

मी लिंपायचा गोळा खाली टाकला. माझा सासरा सुकदेव खानदेशातून पायी आला होता, डोक्यावर काच वितळवायचं मडकं घेऊन. सुरतेजवळच्या मांडवीच्या या जंगलात धावड्याचं लाकूड पाहिलं आणि इथेच बसला. शेठचा आजा नंतर आला, तोही दलालीला. सुरतेतल्या कतारगामच्या भंगारातून फुटक्या बाटल्या आणून टाकायच्या आणि तयार बांगड्या घेऊन जायच्या, एवढंच त्याचं काम. जमिनीचा पट्टा मात्र त्याच्या नावावर, कारण त्याला सही येत होती. फिरोजाबाद म्हणे! आमच्यातल्या कुणी ते गाव नकाशात पाहिलेलं नाही.

पंच्याऐंशीला बंद म्हणे. मी नव्वद साली लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भट्टीच्या झळीने माझ्या भुवया गेल्या होत्या. दसऱ्यानंतर पेटवायची ती होळीपर्यंत विझायची नाही. पंचवीस वर्षं मी त्या तोंडात लाकूड कोंबलं. माझ्या दंडावर हे पांढरे डाग आहेत ते काय पंच्याऐंशीच्या आधीचे आहेत?

पण चिडायचं कारण नुसती पाटी नव्हती, हे गायत्रीलाही ठाऊक होतं. महिन्यापूर्वी तलाटी येऊन गेला होता. जंगलातल्या जुन्या वस्त्यांना राहत्या घराचा कागद मिळणार होता. अट एकच. वीस वर्षांची अखंड वस्ती दाखवा. आता दाखवायची कशी? आमचं रेशनकार्ड, आधार, मतदान, सगळं पर्वत पाटियाला, दिराच्या खोलीवर. होळीनंतर भट्टी विझलेली असायची, त्यातले पावसाळ्याचे चार महिने आम्ही सुरतेला दिराकडे जाऊन कामं करायचो. तिथे साहेब दारात येऊन कार्डं करून द्यायचे. इथे जंगलात कोण यायचं कार्ड काढायला? झालं, कागदावर आम्ही सुरतेचे.

"मग इथे कोण राहतं?" तलाटी म्हणाला होता. "शेठ म्हणतात भट्टी कधीचीच बंद आहे. मावशी, पुरावा आणा. ते भट्टी पर्यटकांना दाखवायला उघडतायत, त्या उद्घाटनाच्या दिवशी मी येणारच आहे. तेव्हा लिहून टाकतो."

कागद नाही मिळाला तर आमचं घर पाडून शेठ तिथे गाड्या उभ्या करणार होता. आखणीसुद्धा झाली होती. माझ्या चुलीपासून हातभर अंतरावर चुन्याची पांढरी रेघ. रोज सकाळी मी ती झाडूने पुसायचे, संध्याकाळी त्याचा माणूस परत ओढायचा.

गायत्री घरात गेली. तिचा बाप खाटेवर बसून होता. भट्टीच्या उजेडाने त्याचे डोळे गेलेत, आता फक्त माणसाची सावली दिसते.

"बाबा, भट्टी पंच्याऐंशीला बंद पडली असं लिहिलंय."

तो बोटांनी खाटेचा सुंभ चाचपत राहिला. नवऱ्याचं हे चाचपणं मला ओळखू येतं. मी दारातच उभी राहिले.

"काय व्हयनं? बोला ना."

"मीच सांगेल शे ते," तो म्हणाला.

"कोनले?"

"मांगला साले तो वहीवाला ऊना व्हता ना. शेठना माणूस. त्यानी इचारं, काका, भट्टी कवयपासून बंद शे? मी सांगं, पंच्याऐंशीपासून."

"कसाले पण?"

"मंग काय सांगू? जंगलखाताना माणूस व्हई ते?"

मला हसू का रडू कळेना. पंच्याऐंशीच्या सुमाराला जंगलखात्याने लाकूड तोडायला बंदी केली. तेव्हापासून पँट-शर्टातला कुणी दिसला की आमच्याकडे एकच उत्तर असायचं, बंद शे. आत भट्टी धडधडतेय, धूर वर चाललाय, आणि हा बाहेर हात जोडून उभा, साहेब, पंच्याऐंशीपासून बंद शे. गार्डाला कोंबडी दिली की तोही बंद म्हणायचा. मीसुद्धा म्हटलंय, कशाला खोटं बोलू! सासऱ्याने शिकवलं, आम्ही पाठ केलं. आणि आता तेच आमच्या छातीवर पितळेच्या पाटीत ठोकलं होतं.

"तुम्हले अक्कल नही का?" मी ओरडले. "बंद व्हयनी त्याले दहा वरीस व्हयी गयात. आते कोन धरी तुम्हले? डोया गयात, आते काय जेलमा टाकतीन?"

"आई, बस कर," गायत्री म्हणाली.

"बस कशाला करू? घर जातंय माझं!"

तो रात्री जेवला पण नाही. मीही वाढलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भूपेंद्रशेठ स्वतः आला. चाळिशीचा माणूस, पांढरे बूट. गाडीतून उतरल्यावर आधी बुटाला माती लागली का ते पाहिलं. बरोबर एक पिशवी होती. त्यातून लाल पागडी काढली, पांढरं धोतर काढलं आणि एक लोखंडी नळी.

"चिंधाकाका, उद्या हे घालायचं. भट्टीसमोर बसायचं, ही फुंकणी तोंडाला लावायची. पाहुणे फोटो काढतील."

गायत्रीच्या बापाने नळी हातात घेतली, चाचपली, एका टोकाला बोट घालून पाहिलं.

"ही काय शे, शेठ?"

"फुंकणी, काका. काच फुंकायची."

"आम्ही फुंकत नाही," मी म्हटलं. "आमची बांगडी सळईवर होते. सळईने काच उचलायची, टोच्याने भोक पाडायचं, मातीच्या शंकूवर घालून फिरवायची. आमच्या घरात कुणी जन्मात नळी तोंडात धरली नाही."

"सरलाबेन, फोटोत शुं समजाय?" तो हसला. "आणि काकांनी काही बोलायचं नाही हां. बोलायला मी माणूस आणलाय." मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, "लिंपण मस्त झालंय. एकदम जुनं दिसतं."

मी रोजाने ते लिंपण करत होते. माझ्याच भट्टीला, माझ्याच हाताने, जुनी दिसावी म्हणून. घराचं विचारायला तोंड उघडलं तर तो फोन कानाला लावून गाडीकडे निघाला. गायत्रीच्या बापाच्या मांडीवर ती पागडी तशीच पडून राहिली.

त्या रात्री मी झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. पुरावा, पुरावा. डोक्यात दुसरं काही नाही. पहाटे भट्टीजवळ झाडायला गेले आणि ओट्यावर टेकले. भट्टीच्या तोंडाशेजारी हातभर रुंद ओटा आहे. तिथे बसून आम्ही भाकरी खायचो, झळ लागायची पण भाजायचं नाही. मी आले तेव्हा तो गुडघ्याच्या खाली होता, आता कमरेला लागतो. दर वर्षी एक बोट वाढत गेला. का वाढला ते माझ्याइतकं कुणाला माहीत!

सासऱ्याची रीत होती. दसऱ्यानंतर भट्टी पेटली की पहिली काच विकायची नाही. तिची एक बांगडी करायची, घरातल्या सगळ्यात लहान बाईमाणसाच्या मापाची. ती तिच्या हातात भरायची, लगेच उतरवायची, ओट्यावर ठेवायची आणि वरून माती लिंपून टाकायची. ती भट्टीची. तिला परत कुणी हात लावायचा नाही. माझी चार वर्षं माझ्या मापाची बांगडी त्यात गेली. मग चौऱ्याण्णवला गायत्री झाली, तिथून पुढे तिची.

मी गायत्रीला उठवलं नाही. घरातून लोखंडी सबल आणली आणि ओट्याला टेकवून ठेवली. मग आत जाऊन चहा ठेवला.

दहा वाजता गाड्या आल्या. मांडव, खुर्च्या, गारेगार पाण्याच्या बाटल्या. बंदोबस्ताला पोलीस ठाण्याचा एक जमादार, पोट सुटलेला, सावलीला खुर्ची टाकून बसलेला. तलाटी बगलेत फाइल घेऊन आला. पाहुणे पाटीपुढे उभं राहून फोटो काढत होते. गायत्रीचा बाप पागडी घालून, मांडीवर ती नळी घेऊन, भट्टीसमोर बसवला होता. एक बाई येऊन त्याच्या शेजारी बसली, फोटो काढला, उठून गेली. त्याला काही विचारलं नाही. त्याने नळी तोंडाला लावली नव्हती, एवढंच मला बरं वाटलं.

मी तलाट्यापुढे गेले. "साहेब, आम्ही इथलेच. चौतीस वर्षांपासून मी इथे राहते."

"कागद?"

"कागद नाही. पण या ओट्यात आहे."

"ओट्यात काय आहे?"

"बांगड्या. दर सालाची एक."

तो माझ्याकडे पाहून हसला, मग पाटीकडे बोट केलं. "मावशी, तिथे लिहिलंय ते मला डोळ्यांनी दिसतंय. ओट्यातलं मला कसं दिसणार? भिंत फोडू का मी?"

"तुम्ही कशाला फोडाल?" मी म्हटलं. "मीच फोडते."

मी सबल उचलली. पोर धावत आली, "आई, काय करतेस, आई!" पाहुणे मागे सरकले. माझा हात वर गेला आणि तिथेच थांबला. पंचवीस वर्षं ज्या ओट्यावर मी भाकरी खाल्ली तो फोडायचा. सासऱ्याची रीत मोडायची. तेवढ्यात मागून गायत्रीचा बाप बोलला. पागडी काढून त्याने जमिनीवर ठेवली होती.

"वरथाईन नको मारू. बाजूथाईन मार. वरल्या गायत्रीन्या शेतस, फुटतीन."

मी बाजूने मारलं. पहिल्या घावाला कालचं लिंपण पडलं. दुसऱ्याला ढेपळं निघाली. तिसऱ्याला मातीतून हिरवी कड चमकली. गायत्रीने माझ्या हातून सबल घेतली नाही, ती गुडघ्यावर बसली आणि नखांनी माती उकरायला लागली. हिरवी निघाली, मग निळी, मग पिवळट. माझ्या मापाच्या चार, त्यांच्यावर बोटाएवढ्या मातीच्या थरात एक इतकुशी, तान्ह्या पोरीची. मग थोडी मोठी. मग आणखी मोठी. कुणीतरी मागे "ओहो" म्हणालं.

"हे बघा," मी तलाट्याच्या पुढ्यात गायत्रीच्या ओढणीवर त्या मांडल्या. "ही चौऱ्याण्णवची. ही पंच्याण्णवची. पोर वाढली तशी बांगडी वाढली. आता सांगा, पंच्याऐंशीला बंद झालेल्या भट्टीत माझ्या पोरीचा हात कुठून आला?"

"पण तुमच्याच पोरीचा कशावरून?"

गायत्रीने वर पाहिलं. मग दहावी बांगडी उचलली. ती गोल नव्हती. अंड्यासारखी लांबट. त्यापुढची पण तशीच, आणि त्यापुढची.

पोर नऊ वर्षांची होती तेव्हा शेठच्या ट्रॅक्टरवरून लाकडं उतरवताना ओंडका तिच्या डाव्या हातावर पडला. हाड बसवणाऱ्याने वाकडंच बसवलं. तेव्हापासून तिचा अंगठा आत वळत नाही. त्या साली दसऱ्यानंतर गोल बांगडी हातात जाईना. जाईल एवढी मोठी केली तर कोपरापर्यंत घसरायची. तिच्या बापाने तीन दिवस काच वाया घालवली. चौथ्या दिवशी बांगडी शंकूवरून काढली आणि मऊ होती तोवर पळसाच्या दोन ओल्या फळ्यांत दाबली. पोरीच्या हातात ती बरोब्बर गेली. मी त्या दिवशी त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या होत्या.

गायत्रीने लग्नाच्या सालची, सगळ्यात वरची बांगडी घेतली. चौदा सालच्या दसऱ्याची, शेवटची. डावा हात तलाट्याच्या नाकासमोर धरला आणि तिरपी करून बांगडी चढवली. गेली.

"आता तुमच्या बायकोच्या हातात घालून दाखवा," ती म्हणाली.

तलाट्याने घाम पुसला. वाईट माणूस नव्हता तो, पण नोकरीला घाबरणारा होता. "बेन, मला पटतंय. पण यावर तारीख कुठाय? मी फाइलीत काय लावू, बांगडी?"

भट्टी फोडली होती मी. फोडून काय मिळालं? तारीख कुठाय!

तेवढ्यात भूपेंद्रशेठ गर्दीतून आला. फुटलेला ओटा पाहिला आणि त्याचं तोंड लालबुंद झालं. पाहुण्यांसमोर आजवर तो असा कधी बोलला नसेल.

"आ शुं कर्युं? कोणी फोडलं हे? सगळ्यात जुनी वस्तू! जमादार! इकडे या, लिहून घ्या, तक्रार लिहून घ्या!"

जमादार खुर्चीतून उठला, वही काढली. "कुणाविरुद्ध, शेठ?"

"ही बाई आणि हिचा नवरा! नमकहराम लोक! माझ्या आजोबांनी यांना पोसलं. चाळीस वर्षं माझ्या भट्टीवर फुकट राहतात, एक दिवस भाडं घेतलं नाही आम्ही. पंधरा सालापर्यंत माझ्या नावाच्या पट्ट्यावर भट्टी पेटवून खाल्लं, आणि आता तीच फोडतात!"

"हळू सांगा," जमादार म्हणाला. जीभ बाहेर काढून तो लिहीत होता. "चाळीस वर्षांपासून... इथेच राहणारे... पंधरा सालापर्यंत भट्टी... बरोबर?"

"बरोबर! अक्षर न् अक्षर लिहा!"

मी गायत्रीकडे पाहिलं. गायत्रीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. तलाटी फाइल छातीशी धरून उभा होता आणि एकदा शेठकडे, एकदा पाटीकडे बघत होता.

"सही करा, शेठ," जमादार म्हणाला.

शेठने पेन हिसकावून सही केली, कागद फाटेल इतक्या जोराने.

"आता आरोपीचं नाव. बाई, तुमचं नाव काय?"

"सरलाबाई."

"नवऱ्याचं?"

चौतीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा खाली मान घालून घेतलं होतं, तेही एकदाच.

"चिंधा," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चिंधा सुकदेव. काच करणारे. फिरोजाबादचे नव्हे, खानदेशातले. लिहिलं?"

"राहणार?"

"शेठनी सांगितलंय ना आत्ता. तेच लिहा."

जमादाराने लिहिलं, राहणार काचभट्टी, चाळीस वर्षांपासून. मला वाचून दाखवलं. गुन्हा कबूल आहे का म्हणून विचारलं.

"कबूल आहे. भट्टी मीच फोडली. अंगठा कुठे करू?"

अंगठा केला. शाई पदराला पुसली. मागे गायत्रीचा बाप चाचपडत पुढे आला होता. फुटलेल्या ओट्यावर हात ठेवून तो उभा राहिला. किती थर उरलेत ते बोटांनी मोजत होता. त्याच्या गालावरून पाणी येत होतं. ते दुःखाचं होतं का कशाचं, मी विचारलं नाही. आमचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं.

"जमादारसाहेब," मी म्हटलं, "तक्रारीची नक्कल आरोपीला मिळते ना?"

"मागितली तर मिळते."

"मग द्या. दोन द्या. एक मला आणि एक या तलाटीसाहेबांना. शेठची सही आणि आजची तारीख दोन्ही स्पष्ट दिसू देत."

मग मी तलाट्यासाठी शेठचीच एक रिकामी खुर्ची ओढली, घराच्या दाराशी, त्या चुन्याच्या रेघेच्या आत नेऊन ठेवली आणि म्हटलं, "बसा साहेब. लिहा आता."